‘कु॥’ म्हणजे कोण?

वडिलांचा, माझा आणि मुलीचा, तिघांचेही शाळेचे दाखले एका प्लास्टिकच्या फाईलमध्ये आहेत. तिन्हीवर जात एकच: ‘हिंदू मराठा’. त्यामुळे 2024 च्या जानेवारीत मी वडिलांना म्हणालो, ‘‘अण्णा, आपण कुणबी दाखल्यासाठी अर्ज करतोय,’’ तेव्हा त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि विचारलं, ‘‘कुणाच्या घरचं बोलतोयस?’’

अण्णांचं म्हणणं सरळ होतं. शहाण्णव कुळीतले आपण, पोरींच्या सोयरिकी करताना इतकी वर्षं काय काय सांगत आलो, आता कचेरीत जाऊन कुणबी लिहून घ्यायचं? मी त्यांना अडीच एकराचा सातबारा दाखवला. ते म्हणाले, सातबाऱ्याचा इथं काय संबंध.

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मुलगी बारावीला होती, इंजिनिअरिंगला जायचं म्हणत होती. फीची काळजी पुढे उरली नाही, कारण त्याच वर्षी जुलैमध्ये शासनाने 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी पूर्ण माफ केली. अडचण होती ती कट-ऑफची, आणि त्याहून जास्त आरक्षण टिकण्याची. मराठा आरक्षण 2014 ला आलं, हायकोर्टात अडकलं. 2018 ला पुन्हा आलं, 5 मे 2021 ला सुप्रीम कोर्टाने रद्द केलं. माझ्या भाच्याने त्या मधल्या काळात भरलेला फॉर्म तिसऱ्यांदा बदलला होता, तो मी बघितला होता. फेब्रुवारी 2024 मध्ये 10 टक्क्यांचा एसईबीसी कायदा झाला, त्यालाही लगेच आव्हान मिळालं आणि त्यातले प्रवेश कोर्टाच्या निकालाच्या अधीन राहिले. एकूण आरक्षणावर 50 टक्क्यांची मर्यादा 1992 पासून डोक्यावर आहेच. कुणबी मात्र ओबीसींच्या यादीत 83 क्रमांकावर आधीपासून आहेत आणि 1 जून 2004 च्या निर्णयाने ‘कुणबी मराठा’, ‘मराठा कुणबी’ हेही त्यात आले. आमच्या चौकातल्या चहाच्या टपरीवर हे सगळं लोकांना वकिलांपेक्षा जास्त पाठ आहे.

अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षण आंदोलनानंतर कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि राज्यभर जुनी दप्तरं उघडली. 54 लाखांवर नोंदी सापडल्या असं शासनाने सांगितलं. त्यातल्या गाववार याद्या जिल्ह्याच्या वेबसाइटवर पीडीएफमध्ये टाकल्या होत्या. आमच्या गावची यादी मी दुकानात बसून रात्री अकरापर्यंत मोबाइलवर ताणून ताणून वाचली. सदतिसाव्या ओळीत नाव होतं: ‘गणु बिन राघु’, म्हणजे राघूचा मुलगा गणू. आजोबांच्या वडिलांचं नाव गणू. पुढे आडनाव नाही, कारण त्या काळी गावात कुणी ते लिहीतच नव्हतं. गणू नावाची माणसं तरी गावात किती असतील, या हिशेबात त्या रात्री झोप लागली नाही.

तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज केला. पहिल्या खेपेला रेकॉर्डकीपर रजेवर, दुसऱ्या खेपेला रजिस्टर स्कॅनिंगला गेलेलं. मग लोकसभेची आचारसंहिता लागली आणि अर्ध्या टेबलांची माणसं निवडणुकीच्या कामाला. आमच्याकडे 7 मे ला मतदान झालं, त्यानंतर टेबलं भरली. बाहेर एकजण भेटला, 15 हजारांत ‘नोंदीपासून व्हॅलिडिटीपर्यंत’, म्हणजे दाखल्याच्या पडताळणीपर्यंत, करून देतो म्हणाला. नोंद नसली तर? ‘‘बघू की,’’ म्हणाला. त्या ‘बघू की’ला भिऊन मी स्वतःच धावायचं ठरवलं.

शेवटी नक्कल मिळाली. जन्म-मृत्यूचं रजिस्टर, गाव नमुना 14, सन 1914. अक्षर मोडी. आधी पानभर आडवी रेघ मारून घेतलेली आणि तिला द्राक्षाच्या घडासारखी अक्षरं लटकवलेली. शब्द कुठे संपतो आणि पुढचा कुठे सुरू होतो ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पुराभिलेख खात्याचा मोडीचा कोर्स केलेले एक निवृत्त गुरुजी आमच्या पेठेत राहतात. ते शिंपी समाजाचे, म्हणजे ओबीसीच. मी नक्कल घेऊन गेलो तर त्यांनी आधी चष्मा पुसला, मग भिंग काढलं, मग पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत. बोटाने ओळ धरून वाचायला लागले: तारीख, ‘पुरुष’, बापाचं नाव गणु बिन राघु, जात... इथे थांबले.

‘‘इथं नुसतं ‘कु’ आहे, आणि पुढं दोन उभ्या रेघा. कु॥. लिहिणारा शब्द तोडून पुढं गेलाय.’’

‘‘म्हणजे कुणबीच ना, गुरुजी?’’

‘‘कुंभारही ‘कु’नंच सुरू होतो.’’

माझा चेहरा बघून ते हसले. मग त्यांनी पानावर खाली बोट नेलं. चार ओळी खाली ‘कुंभार’ पूर्ण लिहिलं होतं. ‘‘हा कारकून कुंभाराला पूर्ण लिहितो. मग ‘कु॥’ दुसरा कुणीतरी. पण हा माझा तर्क झाला. कचेरीला तर्क चालत नाही. दुसरी नोंद शोधा, पूर्ण शब्दाची.’’

निघताना त्यांनी लिप्यंतरावर सही केली आणि म्हणाले, ‘‘एक सांगू का? माझा नातू पुढच्या वर्षी याच रांगेत उभा राहणार आहे, ओबीसीत. त्याच्या पुढं तुमच्या घरातली माणसं उभी करायचं काम मीच करतोय. पण अक्षर आहे ते आहे.’’ पैसे घेतले नाहीत. यावर काय बोलावं हे मला त्या दिवशी सुचलं नाही, आजही सुचत नाही. महाराष्ट्रात ओबीसींचा वाटा 19 टक्के, आणि त्यात आधीच कितीतरी जाती. छगन भुजबळांपासून वडीगोद्रीला उपोषणाला बसलेल्या लक्ष्मण हाकेंपर्यंत ओबीसी नेते मराठ्यांना ओबीसीत घेण्याविरुद्ध जे बोलत होते ते टीव्हीवर ऐकताना आम्ही चॅनल बदलायचो. गुरुजींच्या ओट्यावर चॅनल बदलता येत नव्हतं.

दुसरी नोंद मिळाली ती 1918 च्या मृत्यूच्या रजिस्टरात. एन्फ्लुएंझाच्या साथीचं वर्ष. इतर सालांची पानं रिकामी-रिकामी वाटतात, तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबरला जागाच नाही. एकाखाली एक, एकाच गावची माणसं, एकाच बोरूने, घाईघाईने, आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा: ताप, ताप, ताप. त्यात गुरुजींनी वाचलं: ‘राघु, वय 50, जात कुणबी’. पूर्ण. माणसं इतकी मरत होती, लिहिणाऱ्याला जेवायला सवड नसेल, आणि त्याने नेमका इथे शब्द तोडला नाही. माझ्या खापरपणजोबांच्या मरणाची ती ओळ वाचून मला बरं वाटलं. हे लिहायलाही जड जातंय, पण वाटलं हे खरं आहे.

आता कडी जोडायची होती. 1914 ला जन्मलेला तो ‘पुरुष’ म्हणजे माझे आजोबाच, हे कशावरून? जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव नसतं. कायद्याने जात सिद्ध करायची जबाबदारी अर्जदाराची, सरकारची नाही. गणू वारल्यानंतरचा वारसाचा फेरफार तलाठी भाऊसाहेबांनी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण जिभेला वळत नाही) काढून दिला. त्यात आजोबांचं नाव होतं, शिवाय त्यांचे दोन भाऊ आणि एक ‘अज्ञान पालनकर्ती आई’, म्हणजे अल्पवयीन मुलांची पालक. त्यावरून वंशावळ केली, शपथपत्र केलं. शपथपत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे हे ध्यानात ठेवा. मला कुणी सांगितलं नाही म्हणून मी स्टॅम्प आणला होता, तो घरात तसाच पडून आहे.

वंशावळीचा कागद अण्णांनी तपासला. तोपर्यंत ते बोलत नव्हते. पण त्यात मी त्यांच्या धाकट्या चुलत्याचं नाव चुकीचं लिहिलं होतं, ते बघून राहवलं नाही. पेन मागून घेतलं, दुरुस्त केलं, आणि मग बोलता बोलता त्यांनीच सांगितलं: ‘‘मला शाळेत घातलं तेव्हा मास्तरनं विचारलंच नव्हतं. आमच्या बाकावरच्या सगळ्यांना एकच लिहिलं.’’ 1918 चा कुणबी 1954 च्या रजिस्टरात मराठा कसा झाला, याचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. प्रतिष्ठा म्हणून कुणी मुद्दाम लिहवून घेतलं असेल, मास्तरांच्या हाताची सवयही असेल.

13 ऑक्टोबर 1967 ही ओबीसीसाठीची तारीख. त्याआधीचा पुरावा, त्याआधीचं वास्तव्य. आमच्याकडे दोन्ही होतं. सेतूमधून अर्ज गेला, प्रांत कार्यालयातून जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दाखला आला. नॉन-क्रीमीलेअरचं वेगळं, ते उत्पन्नाच्या दाखल्यावर विनासायास झालं.

दाखला म्हणजे निम्मीच वाट. खरी परीक्षा पडताळणीची. कॉलेजचं 15-अ चं पत्र, नमुना 16 चा अर्ज, नमुना 3 ची वंशावळ, नमुना 17 चं शपथपत्र, सगळं ऑनलाइन भरून पुन्हा कागदी संच समितीकडे. त्या वर्षी वैधता प्रमाणपत्र द्यायला सहा महिन्यांची मुदत मिळाली म्हणून मुलीचा प्रवेश झाला, नाहीतर नुसत्या अर्जाच्या पावतीवर कुणी उभं केलं नसतं. दोन महिन्यांनी मोबाइलवर मेसेज: ‘त्रुटी’. चूक माझीच होती. वंशावळीत गणू ‘राघू’चा मुलगा, पण मृत्यूच्या नोंदीतला राघू हाच तो, याला पुरावा जोडला नव्हता. पुन्हा अभिलेख कक्ष. गणूच्या नावाने झालेला राघूचा जुना फेरफार मिळाला, कोपरा वाळवीने खाल्लेला, नाव शाबूत. सुनावणीला समितीसमोर मी आणि मुलगी गेलो. एका सदस्याने मुलीला विचारलं, ‘‘तुमच्या शाळेच्या दाखल्यावर मराठा आहे, मग तुम्ही कोण?’’ ती म्हणाली, ‘‘सर, मला जानेवारीपर्यंत माहीत नव्हतं.’’ ते हसले, लिहून घेतलं. विधानसभेची निवडणूक 20 नोव्हेंबरला झाली, त्यानंतर डिसेंबरात वैधता आली. मुदतीला अठरा दिवस राहिले होते.

हे सगळं इथे संपायला हवं होतं. पण माझी आत्या पलीकडे दिली आहे, धाराशिव जिल्ह्यात. आमच्या शिवेपासून सहा किलोमीटर. सहा किलोमीटरवर 1948 पर्यंत निजामाचं राज्य होतं आणि अलीकडे, आमच्या बाजूला, 1947 पर्यंत इंग्रजांचं. अलीकडे गावोगाव जन्म-मृत्यूचं रजिस्टर मिळालं. आत्याच्या सासरच्या गावात नोंद निघाली नाही. 2 सप्टेंबर 2025 ला मुंबईच्या आझाद मैदानातलं मराठा आरक्षणाचं उपोषण संपलं, निजामकाळच्या हैदराबाद गॅझेटियरवरून कुणबी दाखले द्यायचा निर्णय निघाला आणि आत्याचा मुलगा दुसऱ्या दिवशी मोटरसायकलवर माझ्या दुकानात. गॅझेटियरमध्ये जातींची लोकसंख्या आहे, माणसांची नावं नाहीत. म्हणून त्या निर्णयात गावपातळीवर समिती आहे, आणि नात्यातल्या किंवा कुळातल्या ज्याला कुणबी दाखला मिळालाय त्याचं शपथपत्र चालतं असं आहे.

‘‘दादा, तू नात्यातलाच की,’’ तो म्हणाला. ‘‘तुझी व्हॅलिडिटी आहे.’’

गेलो. समितीतल्या साहेबांनी माझे कागद नीट बघितले, चांगले जमवलेत म्हणाले. मग विचारलं, ‘‘तुम्ही यांचे कोण?’’

‘‘मामेभाऊ.’’

त्यांनी फाईल मिटली. ‘‘नातं म्हणजे वडिलांकडचं, साहेब. मामाचं कूळ वेगळं.’’ ‘सगेसोयरे’, म्हणजे लग्नाने जुळलेले नातेवाईकही, या शब्दावर जानेवारी 2024 मध्ये मसुदा निघाला होता, त्यावर हरकतींचे ढीग पडले. तो शब्द इतका का तापला हे मला त्या टेबलापाशी कळलं. तो दार उघडा ठेवणारा शब्द होता. एक लग्न झालं की दोन घरं, दोनाची चार, आणि गुरुजींचा नातू रांगेत अजून मागे. साहेबांचं म्हणणं कायद्याने बरोबर होतं. मला ते तिथेच पटलं, आणि आतेभावाच्या तोंडाकडे बघवेना.

परत जाताना आत्याकडे थांबलो. तिने त्या नकला मागितल्या. तिला वाचता येत नाही, मोडी तर नाहीच. तिने 1914 च्या कागदावर हात फिरवला.

‘‘यात बाबांचा जन्म लिहिलाय?’’

‘‘होय. पण नाव नाही, नुसतं ‘पुरुष’.’’

‘‘ते माझेच बाबा ना?’’

‘‘तुझेच.’’

‘‘मग माझ्या पोराला का चालत नाही?’’

मी म्हणालो, तू बाई आहेस म्हणून. ती हसली, जरा जास्तच मोठ्याने, आणि चहा टाकायला उठली. कागद मात्र तिने परत दिला नाही. म्हणाली, झेरॉक्स काढून दे मला याची एक.