मेक्स्ट शिष्यवृत्तीवर सेंदाईला : माझा अनुभव

जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे तिथल्या विद्यापीठात प्रवेश पक्का झाला, असं आपल्याकडे बरेच जण धरून चालतात. तसं नसतं. दूतावासामार्फत निवड झालेले बहुतेक जण आधी संशोधक विद्यार्थी म्हणजे 'केनक्यूसेई' म्हणून जातात. तिथं गेल्यावर विभागाची प्रवेशपरीक्षा द्यायची. ती पास झालात तर पदवीचा अभ्यास सुरू होतो, आणि मग शिष्यवृत्तीच्या मुदतवाढीसाठी वेगळा अर्ज. हे आधीच ठाऊक असेल तर सगळी तयारी वेगळ्या पद्धतीने होते, म्हणून पहिल्यांदा हेच सांगते.

मी पुण्यात भौतिकशास्त्रात एमएस्सी केलं आणि मग अर्ज केला. नुसत्या बीएस्सीवर अर्ज करणाऱ्यांनी एक गोष्ट तपासावी. आपली तीन वर्षांची बीएस्सी धरून शिक्षणाची पंधरा वर्षं होतात आणि जपानमध्ये मास्टर्ससाठी साधारणपणे सोळा लागतात.

सेंदाई का, हे माझ्यासाठी स्पष्ट होतं. माझा विषय कायमचुंबक. तिथल्या तोहोकु विद्यापीठात कोतारो होंडा यांनी १९१७ मध्ये केएस पोलाद तयार केलं, तेव्हाचं सगळ्यात ताकदवान चुंबकीय पोलाद. पुढे १९८२ मध्ये निओडिमियम-लोह-बोरॉनचं चुंबक शोधणारे मासातो सागावा यांची डॉक्टरेटही याच विद्यापीठाची. आज इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटरीत बहुतेक ठिकाणी हेच चुंबक असतं. मोटर तापली की त्याची उलट चुंबकक्षेत्राला तोंड द्यायची ताकद कमी होते, म्हणून त्यात डिस्प्रोसियम हा धातू घालतात. ते दुर्मीळ आणि महाग. डिस्प्रोसियम न घालता ती ताकद टिकवता येईल का, हा माझा प्रश्न.

अर्जातला सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे संशोधन आराखडा. गुणपत्रकं सगळ्यांचीच चांगली असतात, खरा फरक इथे पडतो. माझ्या प्रोजेक्टच्या मॅडमनी माझा मसुदा वाचला आणि समासात पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले : 'मोजणार कशाने?' त्यानंतर प्रत्येक परिच्छेद मी त्या प्रश्नापुढे धरून पुन्हा लिहिला. कोणता नमुना, कोणत्या तापमानाला, कोणत्या यंत्रावर, आणि ते यंत्र त्या प्रयोगशाळेत आहे का. ते पाहायला प्राध्यापकांचे अलीकडचे शोधनिबंध काढून त्यातला प्रयोगपद्धतीचा भाग वाचायचा. 'मला जपानच्या प्रगतीचं आकर्षण आहे' अशी वाक्यं काढून टाका, त्यांनी काही साधत नाही.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं पण सरळ. आरोग्य प्रमाणपत्र त्यांच्याच नमुन्यात, छातीच्या एक्स-रेसह. ट्रान्सक्रिप्टला, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या सगळ्या वर्षांच्या एकत्रित गुणपत्रकाला, मात्र वेळ लागतो. एका कार्यालयात माझी फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायलाच कितीतरी दिवस गेले.

दूतावासाच्या पहिल्या फेरीत लेखी परीक्षा आणि मुलाखत असते. लेखी परीक्षेत इंग्रजी आणि जपानी असे दोन पेपर. माझी सगळी भिस्त इंग्रजीवर होती. मुलाखतीत एका परीक्षकांनी विषय विज्ञानाबाहेरच्या माणसाला समजेल असा सांगायला लावला. मी मोटरपासून सुरुवात केली, चुंबकापर्यंत आले आणि मग डिस्प्रोसियमवर. पुढचे प्रश्न त्यांनी आपणहून विचारले.

पहिल्या फेरीचं प्रमाणपत्र हातात आलं की खरी धावपळ सुरू होते, कारण आता प्राध्यापकांचं स्वीकृतिपत्र मिळवायचं असतं आणि त्याला मुदत थोडी. ईमेल छोटी ठेवावी. प्रमाणपत्र आणि आराखडा जोडावा, आणि त्यांच्या कामातल्या नेमक्या कोणत्या निष्कर्षापासून तुमचा प्रश्न निघतो हे दोन-तीन ओळींत लिहावं. एका प्राध्यापकांचं उत्तर आलंच नाही. दुसऱ्यांनी व्हिडिओ कॉलवर बोलावलं आणि आराखड्यातल्या एकाच आकृतीवर बराच वेळ बोलत राहिले. त्या बोलण्यानंतर मला फार हायसं वाटलं.

निकाल लागल्यावर बाबांचा पहिला प्रश्न : "हे पैसे परत फेडायचे का गं?"

"नाही बाबा, हे कर्ज नाही. बाँडही नाही."

फी माफ, विमानाचं तिकीट त्यांचं, आणि केनक्यूसेईला माझ्या वेळी महिन्याला १,४३,००० येन. पण पहिला हप्ता पोचल्या पोचल्या मिळत नाही. सुरुवातीच्या खर्चासाठी सुमारे २,००० डॉलर जवळ ठेवा, असं त्यांच्या सूचनांतच लिहिलेलं असतं. बाबांनी त्यासाठी पतसंस्थेतली ठेव मोडली. ज्यांच्या घरी अशी ठेव नसते त्यांनी ही सोय निवड होण्याआधीपासून बघावी, हे मी कळकळीने सांगते. आणि दर महिन्याला विद्यापीठात जाऊन सही करायची. सही राहिली तर त्या महिन्याचे पैसे मिळत नाहीत.

केनक्यूसेईचा काळ जपानी शिकण्यात आणि शहर बघण्यात सहज निघून जातो. जपानी शिकाच, पण प्रयोगशाळेत पहिल्याच आठवड्यापासून हात घाला. निओडिमियमची बारीक भुकटी हवेत पेट घेते, म्हणून सगळं काम आरगॉन वायू भरलेल्या ग्लव्ह बॉक्समध्ये, म्हणजे हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत, चालतं. जाड रबरी हातमोज्यांतून चिमट्याने मिलिग्रॅमचा नमुना उचलायला माझ्या सेन्पाईने, म्हणजे वरच्या वर्षाच्या विद्यार्थिनीने, शिकवलं. ती शेजारी उभी राहायची, काही बोलायची नाही, फक्त माझं मनगट टेकवून द्यायची. मनगट टेकलं की हात थरथरत नाही.

डॉक्टरेटची माझी प्रवेशपरीक्षा म्हणजे प्राध्यापकांसमोर सादरीकरण आणि प्रश्नोत्तरं. तोवर माझ्याकडे स्वतः तयार केलेल्या नमुन्यांचे, चढत्या तापमानाला घेतलेले आलेख होते. अगदी थोडे, पण माझे. पुण्यातल्या प्रबंधावर एखादाच प्रश्न आला, बाकी सगळी चर्चा त्या आलेखांवर झाली.

निकाल लागल्यावर लगेच मुदतवाढीचा अर्ज भरायचा असतो. त्याची तारीख विद्यापीठाचं कार्यालय कळवतं, तरी आपण होऊन विचारावी. तारीख चुकली तर प्रवेश मिळूनही पैसे थांबतात. दूतावासाची जाहिरात साधारण एप्रिल-मेमध्ये येते. तेव्हा ट्रान्सक्रिप्टसाठी जानेवारीतच अर्ज टाका, आणि मूळ प्रतींचे दोन संच मागून घ्या.