फुकेत रद्द, पेनांगला उतरलो: माझा अनुभव

सिंगापूरहून निघालेल्या लांबच्या क्रूझवर आमचा थायलंडमधल्या फुकेतचा दिवस आदल्या संध्याकाळी रद्द झाला. तिथल्या पाटोंग किनाऱ्यावर मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत. समुद्रात नांगर टाकून छोट्या बोटींनी लोकांना किनाऱ्यावर नेतात. लाटा वाढल्या की बोट सतत वरखाली होते, आणि म्हाताऱ्या माणसांना किंवा मुलांना तिच्यात उतरवणं धोक्याचं असतं. मलेशियातल्या पेनांगला, म्हणजे तिथल्या जॉर्ज टाउन शहराच्या स्वेटनहॅम धक्क्याला, जहाज थेट लागतं. म्हणून जहाज तिकडे वळलं. आम्ही सहा जण: आई-बाबा, आम्ही दोघं, सात वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा मुलगा. पेनांगची काहीच तयारी नव्हती.

ती रात्र कागदपत्रांत गेली. मलेशियाला भारतीयांना सध्या व्हिसा लागत नाही, पण आगमनाचं डिजिटल कार्ड भरावं लागतं. ते आगमनाआधीच्या तीन दिवसांत भरतात. रिसेप्शनवर विचारलं तर म्हणाले, भरून टाका. तान्ह्या मुलाचंसुद्धा वेगळं कार्ड लागतं. ते मोफत आहे. पैसे मागणारं पान उघडलं तर ते सरकारी नाही, लगेच बंद करा. सिंगापूरचा व्हिसा मात्र निघतानाच अनेक प्रवेशांचा आहे ना, हे बघून घ्या. मधल्या बंदरांनंतर तिथे पुन्हा प्रवेश करायचा असतो.

दुसरं काम पैशांचं. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी वापर चालू केला आणि ग्रॅबमध्ये, म्हणजे तिथल्या टॅक्सीच्या ॲपमध्ये, कार्ड जोडलं. हे उतरण्याआधी, जहाजाच्या वायफायवरच करा. ओटीपी भारतीय सिमवर येतो, त्यामुळे त्या सिमचं रोमिंग आधीच सुरू असायला हवं. पण समुद्रात फोन विमान मोडवरच ठेवा. जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं, ते साध्या रोमिंग पॅकमध्ये सहसा बसत नाही आणि बिल फार येतं. आम्ही ओटीपीसाठी धक्क्याला लागेपर्यंत थांबलो.

मग दिवस उलटा मोजला. शेवटची परतीची वेळ पाच, जहाज सुटणार साडेपाचला. धक्क्यावर साडेतीनला पोचायचं ठरवलं. दीड तास जास्त वाटतो, पण दुपारी पाऊस आला की ग्रॅबचे दर चढतात, गाडी मिळायला वेळ लागतो आणि सामान तपासणीची रांगही लांबते. जहाजाच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज सहसा थांबतं, स्वतःहून फिरणाऱ्यांसाठी थांबत नाही. रोजच्या वेळापत्रकावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर छापलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेवला.

घड्याळाचंही बघावं लागतं. सिंगापूर आणि मलेशियाची वेळ एकच आहे, म्हणून इथे अडचण आली नाही. थायलंड एक तास मागे आहे. जहाज सिंगापूरच्या वेळेवरच राहिलं आणि तुमचा फोन किनाऱ्यावर आपोआप थाई वेळेवर गेला, तर तुम्ही बिनधास्त एक तास उशिरा पोचाल. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून वापरा.

पेनांग हिलची केबल ट्रेन १९२३पासूनची आहे, मुलांना नक्की आवडली असती. पण ती शहराबाहेर आहे आणि रांग किती असेल ते सांगता येत नाही, म्हणून मोह सोडला. सगळं पायी फिरता येईल असंच निवडलं. सहलीवाल्यांची गर्दी ओसरल्यावर साडेनऊला उतरलो. धक्क्यापासून पाचेक मिनिटांवर व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या हीरक महोत्सवानिमित्त बांधलेला ६० फुटी घड्याळाचा मनोरा आहे. चुकलो तर सगळ्यांनी तिथे यायचं, असं ठरवलं.

आधी लिटल इंडियातलं १८३३ सालचं महामरिअम्मन देऊळ, कारण दाक्षिणात्य देवळं दुपारी बंद होतात. मग आर्मेनियन स्ट्रीट. भिंतीवर सायकलवरची दोन मुलं रंगवली आहेत आणि सायकल मात्र खरी, भिंतीला जोडलेली. फोटोसाठी रांग असते, पण पटापट सरकते.

बाबागाडी न्यायची आमची चूक झाली. दुकानांपुढच्या छपराखालच्या वाटा सावलीच्या आहेत, पण प्रत्येक दुकानाची फरशी वेगळ्या उंचीवर. एका दुकानापुढे दोन पायऱ्या वर, पुढच्याला एक खाली, मध्ये लावलेली मोटरसायकल, आणि कडेला उघडं गटार. वीस मिनिटांत गाडी घडी करून हातात घेतली आणि मुलाला कडेवर. तिथे झोळीच हवी. आईच्या गुडघ्यांसाठी तीनचाकी सायकलरिक्षा केली. भाडं आणि वेळ बसण्याआधी ठरवा.

जेवण लिटल इंडियात, केळीच्या पानावर: भात, सांबार, रसम, दोन भाज्या. इतरत्र 'भाजी' म्हणून मागवलेल्या हिरव्या पाल्यातही कोळंबीची आंबवलेली चटणी, बेलाचान, असू शकते. शाकाहारी असाल तर 'मांस नको' एवढंच सांगून भागत नाही, बेलाचानचं नाव घेऊन विचारा.

साडेतीनला धक्क्यावर होतो. ताजी फळं आत नेऊ देत नाहीत, उग्र वासाचं ड्युरियन फळ तर अजिबात नाही. बंद पाकिटातलं सुकवलेलं जायफळ चाललं.

रद्द झालेल्या बंदराचे पैसे मात्र मागे लागून बघावे लागतात. जहाजामार्फत घेतलेल्या फुकेतच्या सहलीचे पैसे आपोआप परत मिळाले. बाहेरून घेतलेल्या गाडीचे पैसे मिळाले नाहीत, कारण त्यांच्या अटीत २४ तासांची आगाऊ सूचना होती. बंदरशुल्कातला फरक तिसऱ्या दिवशी खोलीच्या खात्यात जमा दिसला. शेवटच्या रात्री बिल बंद होतं, त्याआधी ती ओळ शोधा.