आमची वाटचाल : पीसीआर सोडला नाही

सांगलीत विश्रामबागेत सीबीसी, शुगर, थायरॉईडवर आमची लॅब व्यवस्थित चालली होती. मार्च 2020 मध्ये इस्लामपुरात कोरोनाचे रुग्ण सापडले आणि सगळंच बदललं. कर्ज काढून आरटी-पीसीआर मशीन (विषाणूचं जनुकीय द्रव्य, म्हणजे आरएनए, ओळखणारं) आणि बायोसेफ्टी कॅबिनेट (नमुने सुरक्षितपणे हाताळायची बंदिस्त पेटी) घेतलं, आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) मान्यता मिळवली.

जूनमध्ये विषाणूचं प्रथिन ओळखणारं अँटिजेन किट आलं. अर्ध्या तासात निकाल, ना मशीन, ना आरएनए काढायची कटकट. जवळच्या एका लॅबने तेवढंच धरलं आणि आमची गिऱ्हाइकं ओढली. किटला माझा विरोध नव्हता. त्याच्या पॉझिटिव्हवर विश्वास ठेवावा, निगेटिव्हवर नाही. आयसीएमआरच्याच पडताळणीत त्याची संवेदनशीलता, म्हणजे खऱ्या रुग्णांपैकी किती पकडले जातात ते प्रमाण, 50.6 ते 84 टक्के भरली होती. लक्षणं असताना निगेटिव्ह आलं तर पीसीआर कराच, असा नियम होता. ती लॅब मात्र रिपोर्ट हातात देऊन माणसाला कामावर धाडायची. त्यातलेच काही पुढे धापा टाकत आमच्याकडे आले. तो राग अजून गेलेला नाही.

कुपवाड एमआयडीसीतले एक फाउंड्रीवाले साहेब शेवटपर्यंत आमच्याकडेच राहिले. "वेळ लागू दे, पण खरं काय ते सांगा," एवढंच म्हणायचे. त्यांच्या कामगारांचे स्वॅब आम्ही पाच-पाचांचे पूल करून लावले, म्हणजे पाच नमुने एकत्र करून एकच चाचणी; पूल पॉझिटिव्ह आला तरच त्यातले नमुने सुटे तपासायचे. शंभरात 2 पॉझिटिव्ह असतील तर 20 पुलांतले फार तर दोनच पॉझिटिव्ह येतात, त्यातले 10 नमुने सुटे तपासायचे. 30 चाचण्यांत शंभर माणसं होतात. दुसऱ्या लाटेतही पूल करा, असं सांगणारे भेटले. शंभरात 30 पॉझिटिव्ह असले की 20 पैकी साधारण 17 पूल पॉझिटिव्ह येतात आणि चाचण्या होतात 105! पॉझिटिव्हचं प्रमाण 5 टक्क्यांच्या वर असेल तर पूल करू नका, ही मर्यादा आयसीएमआरने उगाच घातली नव्हती.

31 मार्च 2021 ला राज्यात पीसीआरचा दर 500 रुपयांवर आला. मशीनमध्ये लावायची 96 घरांची प्लेट, त्यातली दोन घरं कंट्रोलला (चाचणी नीट झाली का ते पडताळायला). अर्धी भरली तरी लावावीच लागायची, रुग्ण थांबत नाही. रिएजंटची (चाचणीच्या रसायनांची) बिलं थकली, बँकेचे हप्ते राहिले, पगारासाठी गाळा गहाण पडला. साहेबांनी वर्षभराच्या हेल्थ चेकअपचे पैसे आगाऊ दिले, म्हणून दार उघडं राहिलं.

नवी लॅब टाकणाऱ्यांना सांगतो, मशीनआधी पिपेट (थेंबाथेंबाने द्रव मोजून घ्यायचं साधन) चांगला घ्या. आमचा आठ चॅनेलचा पिपेट आजही वेळच्या वेळी कॅलिब्रेशनला जातो. पिपेटला फिल्टर असलेल्या टिपच वापरा, मास्टर मिक्स (चाचणीच्या रसायनांचं मिश्रण) वेगळ्या खोलीत करा. एकटादुकटा तातडीचा नमुना आला तर प्लेट अडवू नका, ट्रूनॅटवर (एकेक नमुना तपासणारं छोटं पीसीआर यंत्र) लावा. तासाभरात निकाल मिळतो, आणि ते बॅटरीवर चालतं, त्यामुळे लाईट गेली तरी काम अडत नाही.