वाळेपर्यंत

२३ ऑगस्ट, शनिवार. रात्री साडेदहा.

राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले म्हणे. सकाळी उठल्या उठल्या ह्यांनी मोबाईलवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघितली आणि मला ओरडून सांगितली. पावसाळ्यात आमच्या गावात चहाच्या आधी फूट-इंच विचारतात. ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, हे पोरांनाही पाठ. मी नुसतं ‘हं’ केलं. हातात ब्रश होता आणि कागद ओला होता.

जलरंग शिकतेय मी. दोन दिवाळ्यांपूर्वी रंगांची पेटी घेतली, ती वर्षभर कपाटात साड्यांखाली होती. मग क्लास लावला, रविवारी दहा ते बारा. कोल्हापुरात रविवारी दहा ते बारा बाई क्लासला गेली तर मटण कोण करणार, हे घरात कुणी तोंडानं विचारलं नाही. सासूबाई कांदा चिरताना पाटावर सुरी जरा जास्त आपटायच्या, एवढंच. चारातले तीन रविवार बुडायला लागले तेव्हा मीच सोडला. सर चांगले होते, फी गेली ती गेली.

जूनमध्ये एकदा आभाळाचा पहिला हात दिला आणि कुकरची तिसरी शिट्टी झाली. गॅस बंद करायला गेले ती चार भाकऱ्या थापूनच परत आले. येऊन बघते तर कागद नेमका हवा तसा वाळलेला! क्लासमध्ये हे कधी नीट जमलंच नव्हतं, कारण दोन तासांचे पैसे भरलेत म्हणून मी सारखी काहीतरी करत बसायची. जलरंगात निम्मं काम थांबण्याचं असतं. एक हात द्यायचा आणि निघून जायचं. आणि उठून जाणं तर आम्हा बायकांना शिकवावं लागत नाही.

थांबलं नाही की काय होतं ते आज परत बघितलं. काल संध्याकाळी लेकीला घेऊन पंचगंगेचं पाणी बघायला गेले होते. अर्धं गाव तिथं होतं, कणसं खात. घाटाच्या पायऱ्या गडप, दीपमाळांची फक्त टोकं वर, आणि पाण्याचा रंग चहात दूध कमी पडल्यासारखा. लेक म्हणाली, “आई, फोटो मी काढतो, तू नुसतं बघ.” (आमच्याकडच्या पोरी अशाच बोलतात, पुण्याच्या जाऊबाईंना अजून पचत नाही.) त्या फोटोवरून आज साडेपाचला आभाळ लावलं. निळ्यात थोडा विटकरी घातला की पावसाळी राखाडी मिळतो, तो छान मिळाला. मग डबे, लेकीचं आवरणं. पावणेसातला येऊन बघितलं तर चकाकी गेलेली. वाटलं वाळलं. घाईत ब्रश भरून खालचं पाणी रंगवायला घेतलं.

वाळलं नव्हतंच. कागद अर्धवट ओला असताना त्यावर जास्तीचं पाणी पडलं की ते पाणी आधीच्या रंगाला बाहेर ढकलत जातं आणि कडेला दातेरी रेघ सोडतं. सर त्याला फ्लॉवर म्हणायचे, भाजीतलाच. माझ्या पुरात मधोमध पावशेराचा गड्डा उमलला.

चूक माझीच. डोळ्यांनी बघायचं नसतं, हाताची पालथी बाजू हलकेच टेकवायची. गार लागलं तर आत ओल आहे. मार्चमध्ये दहा मिनिटांत वाळणारा कागद या हवेत तास घेतो. मागं एकदा लेकीचा हेअर ड्रायर लावला होता, तर रंगाचं डबकं पळत पळत कोपऱ्यात गेलं.

गंमत म्हणजे हे मला ऑफिसात रोज ऐकायला मिळतं. उद्यमनगरात आमचं ओतकाम आहे आणि मी मालाची चलनं करते. गाडी दारात उभी असली की मीच आत फोन करते, “किती वेळ अजून?” आणि आतून तेच उत्तर येतं, “गार होऊ दे की मॅडम, आत्ता साचा फोडला तर तडा जाईल.” आज दुपारी हेच ऐकल्यावर मी मुकाट फोन ठेवला.

जेवणाच्या सुट्टीत कोटितीर्थावर जाऊन आले. चित्रकार आबालाल रहमान याच तळ्याची चित्रं काढत राहिले, पुन्हा पुन्हा. शाहू महाराजांच्या पदरी होते, १९३१ साली गेले. टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये त्यांची चित्रं शाळेच्या सहलीत बघितली होती, तेव्हा आमचं लक्ष तलवारींकडे. आज कठड्याशी उभी राहून डबा खाताना एवढंच वाटलं की त्या माणसानं तळ्याला किती वेळ दिला असेल. माझी वीस मिनिटं होती. त्यातली पाच एका कुत्र्यानं पोळी मागण्यात घालवली.

घरी येऊन नवा कागद घेतला. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, महाग, पोटात कालवतं पण हलका कागद पापडासारखा वाकतो. आभाळाचा एकच हात दिला आणि ओट्याच्या कडेला ठेवून आमटी फोडणीला टाकली. नंतर सगळ्यांची ताटं, भांडी, लेकीचं गणित. विसरलेच होते.

मघाशी पाणी प्यायला गेले तर सासूबाई ओट्याशी उभ्या. दुधाचं पातेलं एका हातात, आणि दुसऱ्या हाताची पालथी बाजू माझ्या आभाळावर टेकवलेली.

“गार लागतंय अजून,” म्हणाल्या, आणि पातेलं खाली फरशीवर ठेवलं.