डोमेन कोणाच्या नावावर आहे?

दिवाळीच्या बरोबर सतरा दिवस आधी आमची वेबसाइट बंद पडली. पुण्यात धायरीला आमचा तेलाचा लाकडी घाणा आहे. शेंगदाणा, करडई, तीळ, खोबरं. वर्षातली सगळ्यात मोठी विक्री फराळाच्या त्या तीन आठवड्यांत होते. सकाळी एका नेहमीच्या काकूंचा फोन आला, "अगं, तुमचं दुकान मोबाइलवर उघडतच नाहीये." मला वाटलं, त्यांचंच नेट गेलं असेल.

डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याची, मुदत संपली होती. ते ज्या मुलाच्या ईमेलवर घेतलेलं, तो आमची वेबसाइट आणि जाहिराती बघणाऱ्या एजन्सीतली नोकरी सोडून कधीच गेला होता. नूतनीकरणाचे सगळे मेल त्याच्याकडे जात होते. एजन्सीला फोन केला की उत्तर एकच, "मॅडम, तिकीट रेझ केलंय." असे नऊ दिवस गेले. आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरी घेतल्या, वहीत लिहिल्या आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कॅन भरले.

दिवाळीनंतर हिशेबाला बसल्यावर कळलं की एकटं डोमेनच नव्हे, सगळंच त्यांच्या नावावर आहे. फेसबुकचं पान त्यांच्या बिझनेस मॅनेजरमध्ये (पानं सांभाळायचं फेसबुकचं खातं), जाहिरातींचं खातं त्यांचं, आम्हाला फक्त बघायची परवानगी. गूगल मॅपवरची नोंद तेवढी लवकर सुटली. मालकीची विनंती टाकली की आधीच्या मालकाला तीन दिवसांची मुदत असते. ते गप्प राहिले आणि नोंद आमच्याकडे आली. जाहिरातींचा तीन वर्षांचा डेटा मात्र त्यांच्याच खात्यात अडकला तो अडकलाच. त्यांचा राग आला, पण त्याहून जास्त स्वतःचा. घाण्याच्या खोलीची किल्ली मी कधी नोकराकडे ठेवत नाही, आणि इथे?

मग नवीन एजन्सीचा शोध. पाच जणांना भेटले. बाणेरच्या काचेच्या ऑफिसात चौसष्ट स्लाइड दाखवल्या, कॉफी उत्तम होती. मी विचारलं, "आमचं काम रोज कोण बघणार?" तर म्हणाले, "टीम." टीममधलं कोणी त्या खोलीत नव्हतं. दुसऱ्यांनी तीस दिवसांत गूगलवर पहिला नंबर देण्याची हमी दिली. अशी हमी कोणीही देऊ शकत नाही हे गूगल स्वतःच लिहून ठेवतं, त्यामुळे ती भेट चहावरच संपली. तिसऱ्यांची ओळ तयार होती, 'हृदयविकार दूर ठेवणारं तेल'. अन्नपदार्थाने आजार बरा होतो किंवा टळतो असं वाटेल तसं लिहिता येत नाही, त्यासाठी २०१८ पासून एफएसएसएआयचे, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, वेगळे नियम आहेत. नोटीस आली असती तर बाटलीवरच्या चौदा आकडी परवाना क्रमांकासकट ती माझ्या पत्त्यावर आली असती, त्यांच्या नाही. आणि हो, पाचातल्या तिघांनी एक ते चार दुकान बंद असण्यावर रील सुचवलं. आमचा घाणा दुपारीच चालतो हो!

पाचवी होती कर्वेनगरची, चार माणसांची एजन्सी. मालकीण माझ्याहून दहा वर्षांनी लहान. तिने ऑफिसात बोलावलंच नाही. स्वतः धायरीला आली, दाण्याच्या पोत्यावर बसली आणि विचारू लागली. किती दाण्यांतून किती तेल निघतं? (साधारण अडीच किलोतून लिटरभर.) पेंड कुठे जाते? एकदा घेतलेलं गिऱ्हाईक किती दिवसांनी परत येतं? बाबा, म्हणजे माझे सासरे, हिशेबाच्या बाबतीत कोणाशी फारसं बोलत नाहीत. तिच्याशी अर्धा तास बोलले.

मी बजेट विचारलं तर म्हणाली, "ताई, एका ऑर्डरवर तुमच्या हातात किती उरतात ते कळल्याशिवाय मी आकडा कसा सांगू?" तिथेच वही काढली. बाहेरगावी एक लिटरची बाटली पाठवताना कुरिअर आणि पॅकिंग धरून आमच्याच खिशातून पैसे जात होते. म्हणजे जाहिरात जितकी चालेल तितका तोटा जास्त! बाहेरगावासाठी फक्त पाच लिटरचा कॅन ठेवायचं त्या पोत्यावरच ठरलं.

मग मी जुन्या एजन्सीचा रिपोर्ट दाखवला. जाहिरातीच्या एका रुपयाला नऊ रुपये विक्री, असं त्यात ठळक लिहिलेलं. तिने आमच्या त्या फक्त बघण्याच्या परवानगीतूनच जाहिरात कोणकोणत्या शब्दांवर दिसली ती यादी उघडली. बहुतेक क्लिक आमच्या दुकानाच्या नावावरच्या. जे लोक आमचं नाव टाइप करून आमच्याचकडे येत होते, त्यांना वाटेत गाठून आम्ही गूगलला पैसे देत होतो. बाबा म्हणाले, "म्हणजे दारात आलेल्या माणसाला आत आणायची दलाली."

तरी लगेच हो म्हटलं नाही. चालू ग्राहक सगळे गोडच बोलतात, म्हणून तुम्हाला सोडून गेलेल्याचा नंबर द्या म्हटलं. क्षणभर थांबली, मग दिला. कोथरूडच्या एका क्लासचालकांचा. ते म्हणाले, "डिझाइन वेळेवर मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. पण मी सोडलं त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळे पासवर्ड माझ्या हातात होते." माझ्यापुरतं तेवढं पुरलं.

आधी तीन महिने पैसे देऊन चाचणी, मग वर्षाचा करार, दोन्ही बाजूंना तीस दिवसांची नोटीस. सगळी खाती आमच्या ईमेलवर. तिने आमच्या गूगल जाहिरातींच्या खात्याचा दहा आकडी कस्टमर आयडी घेऊन ते स्वतःच्या मॅनेजर खात्याला (ज्यातून ती ग्राहकांची खाती सांभाळते) जोडलं, करार संपला की तोडून टाकायचं. जाहिरातीचे पैसे आमच्या कार्डावरून थेट जातात. तिची फी ठरावीक, वर १८ टक्के जीएसटी. खर्चाच्या टक्केवारीवर फी घेणारे दोघं होते. पण खर्च वाढला की ज्याची कमाई वाढते, तो मला थांब कशाला म्हणेल?

आता दुसरं वर्ष चालू आहे. भांडणं होतात. गणपतीचं रील गौरी गेल्यावर आलं, तेव्हा मी बरंच बोलले. पण या आषाढात दाण्याचा नवा माल यायला उशीर होता, तर तिनेच फोन केला, "ताई, साठा कमी आहे ना? दोन आठवडे जाहिराती बंद ठेवते." बाबांनी विचारलं, "मग या महिन्याची फी द्यायची का?" दिली, पूर्ण. रिपोर्ट अजूनही पाच तारखेऐवजी दहाला येतो. डोमेनचे पाच वर्षांचे पैसे मात्र मी स्वतः भरून टाकलेत.