नवी बॅटरी टाकूनही रायडिंग मोव्हर बंद पडतो तेव्हा

अमेरिकेत ज्यांच्या घराभोवती अर्ध्या एकराच्या वर गवत आहे, त्यांच्याकडे बसून चालवायचा रायडिंग मोव्हर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, बहुतेक असतोच. माझा एक सिलिंडरचा आहे. त्याची तक्रार अशी होती: नवी बॅटरी पूर्ण चार्ज करून लावली की दोन-तीन वेळा गवत कापून व्हायचं, मग एके दिवशी काम चालू असताना पात्यांना इंजिनाशी जोडणारा इलेक्ट्रिक क्लच सुटायचा आणि थोड्या वेळाने इंजिनही बंद. त्याखेरीज खड्ड्यातून जाताना इंजिन मधूनच एकदम गप्प व्हायचं आणि चावी फिरवली की लगेच सुरू. अशा वेळी एकाच रोगाची दोन लक्षणं समजून कॉइल, म्हणजे ठिणगी तयार करणारी गुंडाळी, बदलायचा मोह होतो. पण इथे दोष दोन होते आणि दोन्हींत कॉइल निर्दोष होती.

आपल्याकडची जुनी लुना बॅटरीशिवाय चालायची, कारण तिची ठिणगी फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाच्या, चुंबकातून यायची. मोव्हरचंही तसंच आहे. फ्लायव्हीलवरचं चुंबक कॉइलसमोरून गेलं की ठिणगी पडते, बॅटरी असो वा नसो. मग बॅटरी उतरल्यावर इंजिन का थांबतं? कार्बोरेटरच्या तळाशी असलेल्या पेट्रोल सोलेनॉइडमुळे, म्हणजे विजेवर उघडणाऱ्या झडपेमुळे. त्याला पुरेसे व्होल्ट मिळाले नाहीत की तो पेट्रोल बंद करतो. प्लगला ठिणगी असते, पण जाळायला पेट्रोल नसतं. म्हणून इंजिन बंद पडल्या पडल्या आधी स्पार्क टेस्टर लावून ठिणगी बघावी. ती असेल तर कॉइलला हात लावू नये.

चार्जिंगपासून सुरुवात केली. चार्जरवरून काढून रात्रभर ठेवलेली बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवत होती. स्टार्टर फिरताना 10.4 पर्यंत उतरली, म्हणजे ठीक. 9.6 च्या खाली गेली असती तर बॅटरीच बाद. मग इंजिन सुरू करून थ्रॉटल पूर्ण उघडला आणि बॅटरीच्या टोकांवर मीटर लावला. इथे 13.8 ते 14.4 दिसायला हवं होतं. दिसले 12.3, आणि पाती चालू करताच 12.0. पात्यांचा क्लच एकटा चार-साडेचार अँपिअर खातो. सोलेनॉइड धरून पाच अँपिअर. चार्जिंगच नसेल तर 28 अँपिअर-तासांची बॅटरी किती पुरणार, हा साधा हिशेब आहे.

पुढचा संशय फ्लायव्हीलखालच्या स्टेटरवर, म्हणजे चार्जिंगची वीज तयार करणाऱ्या गुंडाळ्यांवर. स्टेटरची एसी वीज बॅटरीला चालेल अशी डीसी करून व्होल्ट आवरतो तो रेग्युलेटर. इंजिन बंद करून त्याचा तारांचा प्लग काढला, मीटर एसीवर ठेवला, स्टेटरच्या दोन तारांवर टोकं लावली आणि इंजिन पूर्ण वेगात, मिनिटाला साधारण 3600 फेऱ्यांवर चालवलं. 15 अँपिअरच्या या चार्जिंगला 28 व्होल्ट किंवा जास्त एसी मिळायला हवं. मला 31 मिळालं. इंजिन बंद करून दोन्ही तारा इंजिनाच्या बॉडीशी तपासल्या. कुठेही जोड नव्हता. स्टेटर चांगला. रेग्युलेटरच्या मधल्या तारेवर चावी चालू ठेवून बॅटरीचे व्होल्ट येत होते, म्हणजे फ्यूज आणि बॅटरीकडची तारही चांगली.

उरला रेग्युलेटर, आणि बहुतेक जण इथे नवा मागवतात. त्याआधी पाच मिनिटांची एक चाचणी करावी. रेग्युलेटरला वेगळी अर्थची तार नसते. त्याची धातूची पाठ हीच अर्थ, आणि ती दोन बोल्टांनी इंजिनाच्या पत्र्यावर बसते. रेग्युलेटर त्याच पाठीवरून परतीचा करंट घेतो आणि बॅटरीचे व्होल्टही मोजतो. तो रस्ता तुटला तर आतले सगळे भाग शाबूत असूनही चार्जिंग शून्य. एका तारेचं टोक रेग्युलेटरच्या पाठीला घट्ट धरलं, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. मीटर 12.3 वरून थेट 14.1 वर गेला. तार काढली, परत घसरला.

बोल्ट काढल्यावर कारण दिसलं. पाठीवर ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी, समोरच्या पत्र्यावर रंग आणि बोल्टाभोवती गंजाचं कडं. दोन्ही बाजू पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासल्या, बोल्टाखाली दातेरी वायसर टाकले, आणि एका बोल्टावरून इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत अर्थची एक जाड तारही ओढली. ही तार मी प्रत्येक जुन्या मोव्हरला सुचवेन. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी: बॅटरी सोडवून इंजिन चालवणं. व्होल्ट अनिर्बंध वाढून चांगला रेग्युलेटर जळू शकतो.

आता खड्ड्यातला झटका. पेट्रोल तुटलं की इंजिन खोकत, गचके खात थांबतं. ठिणगी तुटली की दिवा मालवल्यासारखं थांबतं. माझं दुसऱ्या प्रकारचं होतं. कॉइल तापून बिघडली असती तर वीस-तीस मिनिटांनी बंद पडून, गार झाल्याशिवाय सुरूच झालं नसतं.

कॉइलमधून एक बारीक तार निघते, किल वायर. ती अर्थला टेकली की ठिणगी मरते. चावी, सीटचा स्विच, ब्रेकचा स्विच आणि पात्यांचा स्विच याच तारेला अर्थ देऊन इंजिन बंद करतात. ती कॉइलपाशी सोडवली, सीटवर माणूस बसवला, ब्रेक दाबला, पात्यांचा स्विच बंद ठेवला, चावी चालू ठेवली आणि तारेपासून बॉडीपर्यंत ओहम मोजले. मीटरने जोड नाही असं सांगितलं, तसंच हवं. मग वायरिंग हाताने जागोजागी हलवत गेलो. पंख्याच्या झाकणाखालून तार बाहेर येते तिथे हलवताच मीटर शून्यावर. झाकण उघडलं तर आत उंदराने गवत-कापसाचं घरटं केलेलं, आणि पत्र्याच्या कडेवर तारेचं आवरण कुरतडून तांब्याचे दोन तंतू उघडे. तेवढा भाग कापून डाग दिला, वर हीट-श्रिंक नळी चढवली आणि कडेवर रबरी बुश बसवला. घरटंही पूर्ण साफ केलं, नाहीतर सिलिंडर गार ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांना (फिन्स) वारा मिळत नाही.

किल वायर सोडवून ठेवून गवत कधीही कापू नका. तशा अवस्थेत सीटवरून पडलात तरी पाती थांबतील याचा भरवसा राहत नाही. त्या तारेला 12 व्होल्टही लावू नका, कॉइल जागीच जळते. चावीचा स्विच बदलताना हेच घडतं: पाच पिनांचे स्विच बाहेरून सारखे दिसतात, पण आतली जोडणी वेगळी असते. आपल्या मॉडेलचाच नंबर मागावा.

झाकण उघडलंच होतं, म्हणून फ्लायव्हीलच्या चुंबकावरचा गंज घासला, कॉइल आणि चुंबकातली फट व्हिजिटिंग कार्ड घालून 0.25 मिमीच्या आसपास लावली आणि प्लगची फट 0.76 मिमी केली. सगळं बसवल्यावर पाती आणि दिवे चालू असताना बॅटरीवर 13.9 व्होल्ट. खड्ड्यातून चार फेऱ्या मारल्या, इंजिन एकदाही चुकलं नाही.