भक्तपूर, गाईजात्रा आणि हुकलेलं सत्र

शोक आणि आघात या विषयावर कार्यशाळा घ्यायला परदेशी जाते म्हटलं की लोकांना हेवा वाटतो. प्रत्यक्षात विमानतळ, हॉटेल, हॉल आणि पुन्हा हॉटेल. काठमांडूतही तेच झालं असतं. पण मधल्या एका सकाळी हॉलला कुलूप! गाईजात्रेची सुट्टी. मी जाम वैतागले. मला ठाऊक नसेल, पण तारखा ठरवणाऱ्या यजमानांनाही आपला सण माहीत असू नये?

प्रशिक्षणाला आलेली सिंधुपाल्चोक जिल्ह्यातली एक नर्स म्हणाली, "दिदी, चला भक्तपूरला." गेलो. बसमध्ये उभ्यानेच.

रक्षाबंधनाच्या दुसऱ्या दिवशी ही जत्रा निघते. नेवार म्हणजे काठमांडू खोऱ्यातला जुना समाज. वर्षभरात ज्या नेवार घरांत कोणी गेलं, ती घरं मिरवणुकीत येतात. काठमांडूकडे बहुतेक लहान मुलांनाच गाय म्हणून सजवतात. भक्तपुरात बांबूचा उंच सांगाडा खांद्यावर घेतात. त्याला कापड गुंडाळलेलं, गेलेल्या माणसाचा फोटो लावलेला, वर छत्री. पुढे-मागे पोरंसोरं जोड्या करून टिपऱ्यांसारख्या काठ्या आपटत नाचतात. ढोल, झांजा, साड्या नेसलेले पुरुष, पुढाऱ्यांची टिंगल. मुलाच्या मृत्यूने खचलेल्या राणीला हसवायला प्रताप मल्ल राजाने ही प्रथा सुरू केली म्हणतात. सतराव्या शतकातली गोष्ट.

एका सांगाड्याशेजारी पांढऱ्या कपड्यांतला तिशीचा मुलगा चालत होता. फोटोत चष्मा लावलेले वडील असावेत. ओट्यावरच्या म्हातारीने त्याच्या हातात केळं कोंबलं आणि काहीतरी बोलली. तो खो-खो हसला. मग नाचणाऱ्यांच्या धक्क्याने फोटो तिरका झालेला दिसला, तसा केळं तोंडात धरून त्याने दोन्ही हातांनी तो सरळ केला.

मी तिथेच थांबले. माझं अर्धं सत्र एकाच मुद्द्यावर असतं: आपत्तीनंतर माणसांना गोळा करून 'काय झालं ते सगळं सांगा' म्हणू नका. एकेकाळी हीच पद्धत रूढ होती. जागतिक आरोग्य संघटना आता त्याऐवजी मानसिक प्रथमोपचार सुचवते, म्हणजे आधी धीर आणि गरजेची मदत. इथे त्या मुलाला कोणी काही विचारतच नव्हतं. फोटो बघून साऱ्या गल्लीला कळत होतं. आईवडील गेले की इथे वर्षभर पांढरं नेसतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या नियमावलीत 2022 साली 'प्रदीर्घ शोक' हा विकार आला, मोठ्या माणसांत तो ठरवायला मृत्यूनंतर किमान 12 महिने जावे लागतात. भक्तपूरला हा हिशेब कोणी शिकवायची गरज नव्हती.

मी भारावून बोलत सुटले, तेव्हा नर्सबाई मातीच्या वाडग्यातलं जुजु धौ शांतपणे खात होत्या. (हे दही सुरेख असतं, पण एकटीने एक वाडगा संपवू नये.) मग म्हणाल्या, "दिदी, हे नेवारांचं. आम्ही तामांग. आमच्यात लामा बोलावून घेवा करतात, गेलेल्याचा शेवटचा विधी. सगळं गाव जेवतं. खर्च फार."

25 एप्रिल 2015 च्या भूकंपात सर्वात जास्त माणसं त्यांच्याच जिल्ह्यात गेली, साडेतीन हजारांच्या आसपास. शनिवार होता, शाळा बंद होत्या म्हणून बरीच मुलं वाचली. त्यांच्या गावात घर पडलं, जनावरं गेली, आणि घेवा राहिला. कोणाकोणाचा कितीतरी महिने. बायका त्यांच्याकडे झोपेच्या गोळ्या मागायला येत. बोलतं केलं की निघायचं एकच, घेवा झाला नाही, गेलेला माणूस अजून वाटेतच आहे. "त्यांना गोळी देऊ की पैसे, हे तुमच्या कोर्समध्ये आहे का?"

नव्हतं. दुसऱ्या दिवशी श्वासाचे व्यायाम बाजूला ठेवून आम्ही त्यावरच बोललो. कोणाच्या गावात अंत्यविधी कसे अडले, कोणी वर्गणी काढली, कोणी लामांना धान्यावर राजी केलं. इतकी जिवंत चर्चा माझ्या कार्यशाळेत क्वचितच होते.

बाकीचे दिवस यथातथा. नगरकोटला ढग बघितले.

परतल्यावर अहवालात पहिली शिफारस लिहिली: आपत्तीनंतर रखडलेल्या अंत्यविधींसाठी कुटुंबांना रोख मदत द्या. आयोजकांचं उत्तर आलं की सूचना चांगली आहे, पण मानसिक आरोग्याच्या शीर्षाखाली हा खर्च बसत नाही. प्रशिक्षणार्थींच्या टोप्या आणि पिशव्या मात्र बसल्या होत्या.